मालदांडीनंतरची रब्बी ज्वारी

मोहोळच्या संशोधन केंद्रात 1930च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून चांगली ताटे निवडून एक वाण तयार झाला, मालदांडी 35-1. त्यात संकर नव्हता, परदेशी बियाणेही नव्हते. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलेच ते बी. आजही बाजारात चांगल्या ज्वारीची ओळख ‘मालदांडी’ हीच आहे.

रब्बी ज्वारी येते ती काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर. पेरणीनंतर पावसाचा भरवसा नसतो. रोप लहान असताना खोडमाशी पोंगा मारते. पुढे दाणे भरताना ओल सरली की खडखड्या रोगाने ताटे लोळतात. एवढे सोसून भाकरीला गोड दाणा आणि गुरे आवडीने खातील असा कडबा मालदांडीने दिला. तिला मागे टाकणे म्हणूनच इतके अवघड गेले.

1964 मध्ये सीएसएच-1 हा संकरित वाण आला. धान्यटंचाईच्या त्या काळात खरिपातल्या ‘हायब्रीड’ने अनेक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे ऋण विसरू नये. पण लवकर पिकणारे कणीस पावसात सापडले की दाणा काळा पडे, आणि बुटक्या ताटांचा कडबाही कमी भरे. रब्बीसाठीही संकरित वाण निघाले. ते फारसे रुजले नाहीत.

माझ्या मते खरे वळण आले ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीची खोली पाहून वाण दिले तेव्हा. हलक्या जमिनीत ओल लवकर संपते, म्हणून तिथे लवकर येणारी फुले अनुराधा. मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी कोरडवाहूला फुले वसुधा, पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. हुरड्यासाठी फुले उत्तरा, लाह्यांसाठी फुले पंचमी! पैदासकार शेतकऱ्याच्या बांधावरून त्याच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. शिवाय हे सरळ वाण असल्याने घरचे बी राखून पुढे पेरता येते.

तरीही ज्वारीचे क्षेत्र घटतेच आहे. ताटे हाताने उपटायला माणसे मिळत नाहीत. यंत्राला बुटके ताट सोयीचे, तर कडब्याला उंच हवे. हा पेच सुटायला हवा. तोवर ज्वारी पेरणाऱ्यांना एकच विनंती: शेजाऱ्याचा वाण पाहून बी आणू नका, आधी आपल्या रानात खड्डा घेऊन मातीची खोली मोजा.