पहिल्या पडण्याचा हिशेब

फेब्रुवारी २०२२ मध्ये आयपीएलच्या लिलावात मुंबई इंडियन्सने इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जोफ्रा आर्चर यास ८ कोटी रुपयांना घेतले. कोपराच्या दुखापतीमुळे तो त्या वर्षी खेळणार नाही, हे संघाला ठाऊक होते. २०२३ मध्ये तो केवळ ५ सामने खेळून उपचारांसाठी मायदेशी परतला.

खेळाडू निवडताना दुखापतीची जोखीम तोलणे फुटबॉलपासून कबड्डीपर्यंत सर्वच खेळांत अवघड असते. तपासणाऱ्या वैद्यांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो: पूर्वी काय दुखावले होते? फुटबॉलपटूच्या मांडीचा मागील स्नायू एकदा फाटला, की तो पुन्हा फाटण्याचा संभव वाढतो.

ज्येष्ठांच्या पडण्याचेही तसेच आहे. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडतात आणि एकदा पडलेल्या व्यक्तीस पुन्हा पडण्याचा धोका अधिक असतो. तरीही आमच्या परतवाडा परिसरातील अनेक घरांत ‘फारसे लागले नाही’ म्हणून ती घटना विसरली जाते. किंवा ‘बाबा, आता तुम्ही उठूच नका’ असे प्रेमाने बजावले जाते.

दुसरा उपाय सुरक्षित वाटतो, पण त्याची किंमत मोठी आहे. निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवून केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात त्यांच्या पायांचे सुमारे १ किलो मांस घटले. दुबळे पाय पुन्हा पडण्यास निमंत्रणच देतात. चालण्याची जोखीम आपण मोजतो. बसून राहण्याची मोजत नाही.

म्हणून पहिल्या पडण्यानंतर कुटुंबाने तीन गोष्टी पाहाव्यात. कधी आणि कुठे पडले? रात्री लघवीला उठताना, ओल्या न्हाणीत, की उंबरठ्यावर? पडण्यापूर्वी चक्कर आली होती का? झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का? गोळ्या परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांना दाखवाव्यात. दृष्टी आणि पायांतील बळ कसे आहे? मोतीबिंदू तपासून घ्यावा. डॉक्टरांच्या सल्ल्याने, आधाराला कोणी जवळ असताना, खुर्चीतून उठण्या-बसण्याचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करावा. न्हाणीत पकडायला दांडा आणि रात्री मंद दिवा असावा.

पडल्यावर पायावर भार देता येत नसेल, डोक्याला मार लागला असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

संघ दुखावलेला खेळाडू सोडून दुसरा घेऊ शकतो. घरातील आजी-आजोबांच्या बाबतीत तो पर्याय नाही. त्यांना पुन्हा पायांवर उभे करणे, हीच आपली एकमेव निवड आहे.