इंजेक्टर मोठे, पंप मात्र जुनाच

2001 साली बुलढाण्याच्या शेजारी, तेव्हाच्या औरंगाबादेत, स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि 2004 मध्ये ऑक्टाव्हिया आरएस आली. 1.8 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, 150 अश्वशक्ती. आपल्याकडच्या ट्यूनिंगच्या हौसेला अशाच गाड्यांनी बळ दिले. त्या हौसेचा क्रम मात्र बहुधा उलटा राहिला: आधी बूस्ट, मग रिमॅप, मग मोठे इंजेक्टर, टाकीतला पंप आठवतो तो गाडी वरच्या आरपीएमला अडखळू लागल्यावर. माझ्या मते पंपाचा हिशोब सर्वांत आधी मांडायला हवा, कारण इंजेक्टर पेट्रोल फक्त मोजून देतो. आणून देतो तो पंपच.

हिशोब अवघड नाही. मिनिटाला 440 सीसीचे चार इंजेक्टर पूर्ण उघडे राहिले तर ताशी 105 लिटर पेट्रोल मागतात, 85 टक्के उघडले तर नव्वदच्या आसपास. एवढ्यात सुमारे 250 अश्वशक्ती निघते. आता रेलवर दाब 3 बार आणि टर्बोचा बूस्ट 1 बार धरा. रेग्युलेटर बूस्टइतका दाब वाढवतो, म्हणजे पंपाला 4 बारविरुद्ध ढकलावे लागते, आणि दाब वाढला की पंपाचे माप घटते. समजा 3 बारला 120 लिटर देणारा पंप 4 बारला शंभरावर आला, तर शिल्लक उरली दहा लिटर. जुन्या वायरिंगमुळे पंपापर्यंत 13.5ऐवजी 12 व्होल्टच पोचले, तर तीही जाते. मग ऐन बूस्टमध्ये मिश्रण लीन होते, नॉकिंग सुरू होते आणि पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही.

रिमॅपने हे सावरेल असे काही जण म्हणतात. पण 6,000 आरपीएमला इंजिनाचे एक चक्र 20 मिलिसेकंदांत संपते. इंजेक्टर त्याहून जास्त वेळ उघडा राहूच शकत नाही, आणि दाबच पडला असेल तर वेळ वाढवून किती फरक पडणार? मोठा पंप पेट्रोल खातो ही तक्रार चुकीची आहे, कारण जादा पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परतते. अवाच्या सवा मोठ्या पंपाबद्दलचा आक्षेप मात्र खरा आहे. रिटर्न लाइन अपुरी पडली तर आयडलला दाब चढतो, आणि फिरत राहिलेले पेट्रोल तापते.

तापण्याचा मुद्दा बुलढाण्यात हलका घेता येत नाही. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेड राजा भागातून खुला झाला, तरी त्यावर ताशी 120च्या एकसारख्या चालीत पंपावर ताण येत नाही, हे मान्य करायला हवे. कसोटी लागते ती मे महिन्यात, पाव टाकीवर, मलकापूरकडून राजूर घाट चढून आल्या आल्या पुन्हा पूर्ण थ्रॉटल दिला तेव्हा. पंपाला थंडावा देते ते टाकीतलेच पेट्रोल. ते कमी आणि गरम असेल तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. 2013च्या पोलो जीटी टीएसआयसारख्या थेट इंजेक्शनच्या गाड्यांत तर इंजिनावरचा उच्च दाबाचा दुसरा पंपही हिशोबात धरावा लागतो. आणि 2025पर्यंत सगळीकडे पोचलेल्या ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त इंधन लागते. वरच्या उदाहरणात नव्वदचे सत्त्याण्णव झाले. शिल्लक राहिली तीन लिटर.