ओठ, आवाज आणि घड्याळ

वाचकहो, दादासाहेब फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले, हे आपणांस ठाऊकच आहे. त्यांचा ‘सेतुबंधन’ 1932 साली तयार झाला तो मूकपट म्हणून. पण आदल्याच वर्षी ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिली होती, त्यामुळे ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज जोडावा लागला. पात्रांचे ओठ हलून गेलेले, आणि आता त्यांवर शब्द बसवायचे! वेगवेगळ्या वेळी टिपलेले चित्र आणि ध्वनी एकाच क्षणी प्रेक्षकापर्यंत कसे पोहोचवायचे, हा प्रश्न इतका जुना आहे.

बोलपटाने चित्राच्याच फितीच्या कडेला ध्वनीची पट्टी छापली. गंमत अशी की, ज्या चौकटीचा आवाज तो तिच्या शेजारी नसतो; सुमारे 20 चौकटी पुढे असतो. भिंगासमोर फीत थांबत थांबत सरकते, तर आवाज वाचणाऱ्या भागापाशी ती अखंड वाहावी लागते; म्हणून दोन्ही जागा निराळ्या. फीत ओवताना मधला फेर लहानमोठा झाला की ओठ आणि शब्द यांची फारकत झालीच.

संगणकात फीतच नाही. चित्र आणि आवाज स्वतंत्र प्रवाहांनी येतात, आणि प्रत्येक तुकड्यावर तो केव्हा सादर व्हायचा ती वेळ लिहिलेली असते. प्लेअर हे तुकडे थोडे आधी साठवून ठेवतो आणि वेळ झाली की पुढे करतो. पण ही ‘वेळ’ कोणाच्या घड्याळाची? चित्राच्या सेकंदाला 25 चौकटी असतील, तर आवाजाचे नमुने बहुधा 48,000. एखादी चौकट गळली तरी डोळा कुरकुर करीत नाही. आवाजात जराशी खंड पडली की कानाला ‘खट्’ ऐकू येते. म्हणून बहुतेक प्लेअर आवाजालाच घड्याळ मानतात. चित्राने त्याच्या मागे जायचे: पुढे गेले तर थांबायचे, मागे पडले तर एखादी चौकट सोडून द्यायची. मैफलीत साथीदार गाणाऱ्याला सांभाळून घेतो, तसेच.

आंतरराष्ट्रीय प्रसारण-मानकानुसार आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे 45 हजारांश, आधी आला तर खटकतो; उशिरा आला तर मात्र सुमारे 125 पर्यंत चालून जातो. हे स्वाभाविकच आहे. नाटकाला तिसाव्या मीटरवर बसलात तर नटाचा शब्द आपल्यापर्यंत जवळजवळ 90 मिलिसेकंद उशिराच येतो. उशिराची सवय आहे. ओठ हलण्याआधी शब्द कोणी ऐकलेला नाही.

आता आपल्या कार्यक्रमांकडे या. दोन कॅमेरे आणि एक वेगळा ध्वनिमुद्रक ठेवला, सुरुवात नेमकी जुळवली, तरी शेवटी ओठ चुकतात. प्रत्येक यंत्रातल्या स्फटिकाच्या घड्याळाची चाल किंचित वेगळी असते. दहा लाखांत 50 भागांचा फरक धरला, तर दीड तासाच्या प्रयोगात 0.27 सेकंद होतात. म्हणून टाळी आरंभी आणि शेवटी, दोनदा वाजवावी. दोन्ही खुणा जुळवून चित्र आवाजाच्या लांबीत बसवता येते. आवाज मात्र एकाच यंत्राचा ठेवावा; दोन यंत्रांचे आवाज मिसळले की गाणे पोकळ वाटते.

परदेशातल्या मुलानातवंडांसह ऑनलाइन आरती म्हणताना जो गोंधळ होतो, त्याला मात्र कोणतेही सॉफ्टवेअर उपाय करू शकत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. बडोदे ते न्यू जर्सी 12,000 किलोमीटरांहून अधिक. म्हणजे जाऊन-येऊन निदान 120 मिलिसेकंद, आणि तारांची वळणे व साठवण धरून प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. इकडचे तिकडच्यांसाठी थांबतात, तिकडचे इकडच्यांसाठी, आणि लय खाली खाली जाते.

त्यापेक्षा एका घराने पेटी आणि टाळ मुद्रित करून सर्वांना पाठवावे. त्याच्या आरंभी चार ठोके ठेवावेत. प्रत्येकाने ते कानात ऐकत, चौथ्या ठोक्यावर कॅमेऱ्यासमोर टाळी देऊन आपापल्या घरी गावे. मग घरातल्या कोणा जाणत्याने सगळ्यांच्या टाळ्या एकावर एक ठेवाव्यात. इयरफोन तेवढे तारेचेच घ्यावेत. बिनतारी इयरफोन आवाज स्वतःच उशिरा पोहोचवतात, आणि तेही प्रत्येक कंपनीचे वेगवेगळ्या उशिराने.