शीर्षपादांची जातिनिश्चिती

ज्या प्राण्याला आपला वर्ण क्षणार्धात पालटता येतो, ज्याचे अस्थिहीन अंग जिवंतपणी हवे तसे ताणले जाते आणि मद्यार्काच्या बरणीत पडताच आक्रसून जाते, त्याची जात केवळ देहलक्षणांवरून ठरवणे हा मामला वरकरणी भासतो त्याहून पुष्कळच बिकट आहे.

प्रारंभीच्या पंडितांनी साहजिकच मोजदादीचा मार्ग धरला. लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बाहूंच्या संख्येवरून अष्टपाद व दशपाद असे दोन गण पाडले. पुढे रिचर्ड ओवेनने १८३२ साली नॉटिलसच्या विच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि त्याच्या कल्ल्यांच्या दोन जोड्या, तर इतर शीर्षपादांची एकच, या भेदावर अवघ्या वर्गाची वाटणी केली. परंतु निव्वळ संख्या दगा देते. जर्मनांच्या वाल्डिव्हिया मोहिमेत खोल समुद्रातून वर आलेल्या, बाहूंमध्ये काळसर पडदा असलेल्या एका प्राण्याला कार्ल कुन याने १९०३ साली अष्टपादांच्या खाती जमा केले. पण या प्राण्याच्या बाहूंलगतच्या खोबणींत आत ओढून घेता येणारे दोन बारीक तंतूही असतात. अमेरिकेतील ग्रेस पिकफर्ड या विदुषीने पुढे या प्राण्याचे नमुने बारकाईने तपासून १९३९ साली त्याच्यासाठी स्वतंत्र गणच स्थापिला आणि फाटक्यातुटक्या नमुन्यांना मिळालेली अनेक नावे एकाच जातीत विलीन केली. खुद्द क्युव्हिएसारख्या धुरंधरानेही आर्गोनॉटच्या मादीजवळ सापडलेला नराचा तुटका बाहू परोपजीवी कृमी समजून १८२९ साली त्याचे नामकरण केले होते. आज तोच रूपांतरित बाहू, म्हणजे तो कितवा आहे आणि त्यावरचे किती चूषक बदलले आहेत हा तपशील, जातिनिश्चितीतील भरवशाचा पुरावा मानला जातो.

म्हणून जाणता वर्गीकरणकार रंगाची साक्ष ऐकून घेतो, पण निवाडा कठीण अवयवांवर देतो. लांबी मोजायची ती लवचिक बाहूंची नव्हे, प्रावाराची, म्हणजे धडाभोवतीच्या मांसल आवरणाची. अष्टपादाचे चूषक देठाविना बाहूला चिकटलेले; स्क्विडचे देठावर, आणि त्यांच्या काठाला कठीण कडे, ज्याचे दाते भिंगाखाली मोजावे लागतात. नळीच्या बुडाशी प्रावार अडकवणाऱ्या कूर्चेचा घाट पाहून तर कुळाचे कूळ ओळखता येते. सर्वांत टिकाऊ दाखला चोचीचा: तिमिंगिलाच्या जठरात मांस विरघळून गेले तरी ती शाबूत राहते, आणि तिच्या मापावरून माल्कम क्लार्कसारख्या अभ्यासकांनी भक्ष्याचे कूळच नव्हे, वजनही अजमावले. माझ्या मते या शास्त्राचे खरे कसब येथेच आहे.

रत्नागिरी-मालवणकडे माकूळ विकत घेणाऱ्या वाचकाने चिरताना एवढे अवश्य पाहावे: पाठीकडून पातळ, पारदर्शक पाते निघाले तर तो स्क्विड, पांढरे, चुनखडीचे, वैद्यांना समुद्रफेन म्हणून परिचित असलेले कवच निघाले तर कटलफिश.