इंग्रजी वाचन : विज्ञान, आरोग्य आणि पर्यावरणाचे उतारे कसे वाचून घ्यावेत?



आपल्या गावाच्या नावातच एक इंग्रजी शब्द आहे. याच जिल्ह्यात चांदूर बाजार आहे, म्हणून आपलं झालं चांदूर रेल्वे. पहिलीतल्या पोरालाही या 'रेल्वे'चा अर्थ सांगावा लागत नाही. त्याने स्पेलिंग पाठ केलेलं नसतं, पण गाडी पाहिलेली असते. आधी वस्तू आणि मग शब्द, हाच क्रम इंग्रजी वाचनाच्या सरावात ठेवला तर निम्मं काम सोपं होतं.

प्रत्यक्षात आपल्याकडे उलटं घडतं. सेमी इंग्रजीतला मुलगा विज्ञानाचा धडा खडाखडा वाचतो. उच्चार बरे असतात, वेगही असतो. पण "काय वाचलं, सांग बरं" म्हटलं की गप्प. घरच्यांना वाटतं, पोरगं हुशार आहे, पण विज्ञानात कच्चं आहे. बहुतेक वेळा ते विज्ञानात कच्चं नसतं, वाचन अर्ध्यावर थांबलेलं असतं.

वाचन म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार

गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. अक्षरांवरून शब्द ओळखता येणं आणि ती भाषा ऐकून समजणं, या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजे आकलन. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच. खडाखडा वाचणाऱ्या मुलाचं नेमकं हेच होतं.

दुसरी गोष्ट विषयाच्या माहितीची. १९८८ मध्ये रेच्ट आणि लेस्ली यांनी अमेरिकेत मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कमी, पण खेळ चांगला माहीत असलेल्या मुलांना तो उतारा खेळ न समजणाऱ्या चांगल्या वाचकांपेक्षा जास्त कळला. आपल्या मुलांना बेसबॉल माहीत नसेल, पण पऱ्हाटी माहीत आहे, वावर माहीत आहे, मे महिन्यातलं ऊन माहीत आहे. उतारे तिथूनच निवडायचे.

विज्ञानाचं इंग्रजी वेगळं का वाटतं?

१. ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ. 'मॅटर' म्हटलं की आपल्या पोरांना भांडण आठवतं, विज्ञानात ते द्रव्य. 'सेल' म्हणजे घड्याळातला सेल, विज्ञानात पेशीही. 'सोल्युशन' गणितात उत्तर, प्रयोगशाळेत द्रावण. 'प्लांट' म्हणजे झाड, पण 'पॉवर प्लांट' म्हणजे वीजनिर्मिती केंद्र. असे शब्द मुलं विचारत नाहीत, कारण ते येतात असं त्यांना वाटतं. म्हणून आपणच आधी विचारावं.

२. लांबलचक शब्द. ते तोडून दाखवावेत. 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिंथेसिस' म्हणजे जोडून तयार करणं. आपला 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द याच जोडणीचा आहे. 'हायड्रो' पाण्याशी, 'थर्मो' उष्णतेशी, 'बायो' जीवाशी संबंधित. शेवटी 'आयटिस' असेल तर बहुधा त्या अवयवाची सूज : टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस. असे दहा तुकडे आले की मूल कितीतरी नवे शब्द स्वतःच फोडतं.

३. वाक्याची रचना. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्यानंतर. शब्दाला शब्द ठेवत गेलं की अर्थ निसटतो. मुलांना आधी क्रियापदाखाली रेघ मारायला लावा. मग दोन प्रश्न विचारा : कोण? आणि काय करतं?

एक नमुना : उन्हाळा आणि शरीर

हा छोटा उतारा फळ्यावर लिहा : "इन समर द सन इज हॉट. अवर बॉडी स्वेट्स. स्वेट टेक्स हीट अवे फ्रॉम द स्किन. वी लूज वॉटर अँड सॉल्ट. इफ वी डू नॉट ड्रिंक इनफ, वी बिकम वीक अँड डिझी. धिस इज कॉल्ड डिहायड्रेशन."

*वाचण्याआधी :* पाच मिनिटं मराठीत, चक्क वऱ्हाडीत बोलू द्या. उन्हातून आल्यावर काय होतं? घाम काऊन येतो? ओल्या हातावर फुंकर मारायला सांगा. थंड लागतं ना? तिसरं वाक्य तिथेच समजलं.

*वाचताना :* आधी आपण वाचून दाखवायचं, मग जोडीने, मग मनात. वर्गासमोर उभं करून एकट्याला वाचायला लावणं सर्वांत शेवटी.

*वाचल्यावर :* तीन प्रकारचे प्रश्न. पहिला, उत्तर ओळीत आहे असा : घामातून काय काय जातं? दुसरा, दोन ओळी जोडाव्या लागतील असा : खूप घाम गेल्यावर नुसतं पाणी पुरेल का? मिठाचा उल्लेख चौथ्या वाक्यात आहे, तो शोधून मुलाने उत्तर द्यावं. तिसरा, स्वतःच्या घरचा : वावरात जाताना आई-बाबा सोबत काय नेतात? उत्तर मराठीत दिलं तरी चालेल. आपण आकलन तपासतोय.

उतारा किती कठीण असावा? दुसऱ्या भाषेत कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायला शंभरातले साधारण ९८ शब्द माहीत असावे लागतात, असं हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात दिसलं. म्हणजे मुलाने घरी एकट्याने वाचायच्या ५० शब्दांच्या उताऱ्यात एखादाच नवा शब्द असावा. वर्गात आपण सोबत असतो, तिथे चार-पाच चालतील.

हे वाचन परीक्षेपुरतं नाही

ओआरएसचं पाकीट पाहा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवायचं असतं, लहान पाकीट २०० मिलिलिटरचंही मिळतं. 'डिझॉल्व्ह' आणि त्यापुढचा आकडा वाचला नाही आणि मोठं पाकीट एका ग्लासात टाकलं, तर द्रावण फार खारट होतं. जुलाब झालेल्या लहान लेकराला ते धोक्याचं ठरू शकतं. तयार द्रावण २४ तासांत वापरायचं, हेही तिथेच छापलेलं असतं.

गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. अँटिबायोटिक्सच्या गैरवापराविरुद्ध केंद्र सरकारने २०१६ मध्ये या लाल रेघेची जनजागृती मोहीम सुरू केली.

फवारणीच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे, तुलनेने कमी विषारी. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही. त्यामागे कारणं अनेक होती. पण घरात लेबल वाचणारं एक लेकरू असणं ही छोटी गोष्ट नाही. मात्र रिकामा डबा वर्गात आणायला सांगू नका, मोबाईलवरचा फोटो पुरतो.

आपल्या भागातले विषय

- बोंडअळी : इंग्रजी नावात 'वर्म' आहे, म्हणून मुलं गांडूळ समजतात. ती पतंगाची अळी आहे. शब्द : एग, लार्व्हा, प्युपा, मॉथ.
- तूर आणि सोयाबीनची मुळं : झाड उपटून गाठी दाखवा. त्यातले बॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात.
- मेळघाट : १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ ठिकाणांपैकी एक. शब्द : फॉरेस्ट, हॅबिटॅट, प्रे.
- लोणार सरोवर : उल्कापातातून तयार झालेलं, खारं आणि अल्कधर्मी पाणी. २०२० मध्ये रामसर यादीत आलं, त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं.
- डास आणि डेंग्यू : कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण का काढायचं?

तयार पुस्तकं हवी असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी आणि इंग्रजी गोष्टी मोफत मिळतात. दोन्ही भाषांत असलेलं पुस्तक आधी मराठीत वाचून घ्यावं.

पालकांसाठी

"मले इंग्रजी येत नाही, मी काय शिकवू?" असं अनेक आया म्हणतात. शिकवायचं नाहीच. रोज दहा मिनिटं लेकराजवळ बसायचं आणि म्हणायचं, "आता हेच मले आपल्या भाषेत सांग." सांगता आलं तर समजलं. अडखळलं तर तेवढ्या ओळीवर खूण करून दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवा. त्या खुणेवरून आम्हाला कळतं, उद्या शिकवायला कुठून सुरुवात करायची.