वृद्ध शेतकरी आणि ट्रॅक्टरची चावी

बैलगाडीच्या काळात म्हाताऱ्या माणसाने गाडी हाकावी की नाही, हा प्रश्न गावात कधी कोणी विचारला नाही. आजोबांची नजर मंद झाली तरी बैलांची नजर शाबूत असे. बाजाराहून परतताना आजोबांना गाडीतच डुलकी लागली, तरी रोजच्या वाटेने बैल गोठ्यापर्यंत येऊन थांबत. ओढ्याच्या काठाशी ते आपणहून बिचकत आणि समोर लहान मूल आले तर पाऊल अडखळत. हाकणाऱ्याच्या चुकीतील निम्मी चूक बैल पोटात घालीत.

ट्रॅक्टरला असे डोळे नसतात. चालविणाऱ्याचे डोळे, कान, मान, पाय आणि मनाची हुशारी एवढ्याच भांडवलावर तो चालतो. हे भांडवल वयाबरोबर कमी होत जाते, ही गोष्ट नवी नाही. नवी आहे ती दुसरी गोष्ट. भारतात ट्रॅक्टरची बांधणी १९५९ साली फरीदाबाद येथे सुरू झाली. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ज्या तरुणांनी हौसेने सुकाणूचक्र हाती घेतले, ते आता पंच्याहत्तरीच्या आसपास किंवा पलीकडे पोचले आहेत. ट्रॅक्टरवर म्हातारी झालेली ही आपल्याकडील पहिलीच पिढी होय. त्यामुळे यांत्रिक वाहन केव्हा सोडावे, याविषयी वडिलांकडून मुलाकडे आलेली रीत गावात अस्तित्वातच नाही.

वयाने नेमके काय बदलते, हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत, विशीतल्या डोळ्याच्या मानाने, सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणून दिवसा उत्तम दिसणाऱ्या माणसालाही तिन्हीसांजेला बांध आणि पाट यांतील फरक चटकन कळत नाही. मोतीबिंदू वाढू लागला की समोरून येणाऱ्या मोटारीचा दिवा डोळ्यांत पसरतो आणि क्षणभर सगळा रस्ताच नाहीसा होतो. मानेचा सांधा आखडतो. ट्रॅक्टर चालविणाऱ्याला मागे वळून पाहावेच लागते, कारण रोटाव्हेटर मागे असतो, ट्रॉली मागे असते आणि खेळणारी पोरेही पुष्कळदा मागेच असतात. कान कमी झाल्यावर इंजिनाच्या आवाजात मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा ऐकू येत नाही. गुडघे दुखू लागले म्हणजे क्लच पुरता दाबला जात नाही, किंवा ब्रेकवर वेळेवर पाय पोचत नाही.

पाय पोचण्यास होणारा हा उशीर किती महाग पडतो, ते साध्या हिशेबाने कळते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रॅक्टर दर सेकंदाला ८ मीटरहून थोडे अधिक अंतर कापतो. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एका माणसास एक सेकंद आणि दुसऱ्यास दोन सेकंद लागले, तर दुसऱ्याचा ट्रॅक्टर ब्रेक लागण्याआधीच ८ मीटर पुढे गेलेला असतो. गावातील रस्त्यावर ८ मीटर म्हणजे एका घराच्या ओट्यापासून दुसऱ्या घराच्या ओट्यापर्यंतचे अंतर. मागे ऊसाने भरलेली ट्रॉली असली, तर तिला बहुधा स्वतंत्र ब्रेक नसतो. ती ट्रॅक्टरला पुढे ढकलीत राहते.

शेतातील धोका निराळा आहे आणि तो अनेकांच्या ध्यानात येत नाही. चिखलात मागील चाके रुतली आणि चालविणाऱ्याने जोर देऊन क्लच एकदम सोडला, तर चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलले जाते. तोंड उचलल्यापासून ट्रॅक्टर मागे उलटेपर्यंत सुमारे दीड सेकंद जातो आणि सावरण्याची संधी त्याच्याही निम्म्या वेळात संपते. येथे तरुण माणूसही पुष्कळदा सापडतो. ज्याचा पाय सावकाश हलतो त्याच्या हाती तर काहीच उरत नाही. दुसरी गोष्ट ब्रेकची. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात वळताना ते सोयीचे पडतात, परंतु रस्त्यावर येताना दोन्ही पायट्या खिटीने जोडून घ्याव्या लागतात. खिटी विसरली आणि वेगात एकच पायटी दाबली गेली, तर ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा फिरतो. वयाबरोबर विसर वाढतो, तो नेमका अशा लहानसहान गोष्टींचा.

याउलट एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. गावात ट्रॅक्टर बेफाम हाकणारा बहुधा म्हातारा नसतो. मोठ्याने गाणी लावून, दोन ट्रॉल्या जोडून, रात्री मागील बाजूस तांबड्या परावर्तक पट्ट्यांशिवाय रस्त्यावर धावणारा पंचविशीतलाच असतो. वृद्ध शेतकरी हळू चालवितो, दारू पिऊन बसत नाही, पावसात रस्त्यावर उतरत नाही आणि आपल्या रानातील प्रत्येक खळगा ओळखतो. तेव्हा अमुक वर्ष पूर्ण झाले की चावी काढून घ्यावी, असा नियम न्यायाचा होणार नाही. ७८ वर्षांचा एखादा शेतकरी ५५ वर्षांच्या मधुमेही शेजाऱ्यापेक्षा सुरक्षित चालवीत असेल. पाहावयाचे ते जन्मसाल नव्हे, अंगातील कुवत.

कायद्याचाही रोख हाच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वाहन चालविण्यास वरची वयोमर्यादा घातलेली नाही. मात्र वयाची ५५ वर्षे ओलांडल्यावर परवान्याचे नूतनीकरण एका वेळी ५ वर्षांपुरतेच होते. चाळिशीनंतर वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. या प्रमाणपत्रात डॉक्टरांनी काय पाहावे, तेही ठरलेले आहे: चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची क्रमांकपट्टी वाचता येते का, लाल व हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, भोंग्याचा नेहमीचा आवाज ऐकू येतो का. ही तपासणी मनापासून झाली तर निम्मा प्रश्न तेथेच सुटेल. परंतु पुष्कळ ठिकाणी कागदावर सही आणि शिक्का तेवढा पडतो, आणि शेतकरीही 'एकदाचे काम झाले' म्हणून समाधानाने घरी येतो. ही फसवणूक डॉक्टरांची किंवा कचेरीची होत नाही. ती त्याच्याच नातवंडांची होते, जी उद्या त्याच्या ट्रॉलीमागे खेळणार असतात.

अन्य देशांनीही हा प्रश्न आपापल्या परीने हाताळला आहे. ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर दर ३ वर्षांनी परवाना नवा करावा लागतो, पण प्रकृतीची ग्वाही चालक स्वतःच देतो. तेथील राणीचे पती प्रिन्स फिलिप यांच्या मोटारीला २०१९ च्या जानेवारीत अपघात झाला, तेव्हा त्यांचे वय ९७ वर्षे होते. पुढच्याच महिन्यात त्यांनी परवाना परत केला. जपानमध्ये, जेथे शेतीचा भार बव्हंशी वृद्धांवरच आहे, २००९ पासून पंच्याहत्तरीनंतरच्या नूतनीकरणाच्या वेळी स्मरण व आकलनाची चाचणी घेतली जाते. २०१९ च्या एप्रिलमध्ये तोक्यो शहरात ८७ वर्षांच्या एका चालकाने ब्रेक समजून वेगाची पायटी दाबली आणि एक आई व तिची लहान मुलगी दगावली. त्या वर्षी जपानमध्ये सहा लाखांवर लोकांनी आपला परवाना आपणहून परत केला. परवाना परत करणाऱ्या वृद्धांस तेथील अनेक गावे बसभाड्यात सवलत देतात. चावी घेताना हातात दुसरे काही तरी ठेवावे, हे शहाणपण त्यात आहे.

आपल्याकडे अडचण नेमकी येथेच आहे. शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टरची चावी ही केवळ चावी नसते. कोणाच्या रानात आधी नांगर घालावयाचा, कोणाला उधारीवर रोटाव्हेटर मारून द्यावयाचा, याचा निर्णय जिच्या हाती चावी त्याच्या हाती असतो. ती खुंटीवरून दुसऱ्याच्या खिशात गेली की घरातील कारभार गेला, असे वृद्धास वाटते, आणि ते सर्वस्वी खोटे नसते. शिवाय मुलगा पुण्याला कारखान्यात आणि सून शाळेत, असे असताना ट्रॅक्टर चालविणार कोण, हा प्रश्न उभाच राहतो. पेरणीचा वाफसा चार दिवसांत निघून जातो. तो कोणासाठी थांबत नाही.

म्हणून मुलाने सुटीत घरी येऊन "आबा, आता पुरे झालं, चावी द्या" असे म्हटले की संवाद तेथेच तुटतो. "तुझ्या जन्माआधीपासून चालवतोय मी," हे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी "आबा, रात्रीचं आणि डांबरी रस्त्याचं माझ्याकडे द्या, रानातलं तुमच्याकडेच राहू द्या," असे म्हणणारा मुलगा पुष्कळ साधून जातो. एकदम सोडण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने सोडणे वृद्धास मानवते आणि धोकाही ज्या क्रमाने अधिक, त्याच क्रमाने कमी होतो: आधी रात्र, मग हमरस्ता, मग भरलेली ट्रॉली, आणि सर्वांत शेवटी स्वतःच्या सपाट रानातील नांगरट. दुचाकीचा विचार मात्र वेगळा आणि लवकर करावा. तिच्यावर तोल गेलेल्या वृद्धाचे खुब्याचे हाड मोडले की पुष्कळदा तो पुन्हा पूर्वीसारखा चालू शकत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यास घरोघर फिरताना काही खुणा सहज दिसतील. ट्रॉलीच्या कोपऱ्याला किंवा गोठ्याच्या खांबाला नव्याने लागलेले ओरखडे, कधी न मोडणारा बांध मोडलेला, ओळखीच्या फाट्यावर चुकलेले वळण, क्लचऐवजी ब्रेक दाबल्याची घरच्यांनी हसून सांगितलेली गोष्ट. अशा दोन खुणा एकत्र दिसल्या की हसण्यावारी नेऊ नये. अंगणात ट्रॅक्टर उभा करून त्याच्या क्रमांकपट्टीपासून सुमारे ३३ पावले मागे जावे आणि नेहमीच्या चष्म्याने आकडे वाचावयास सांगावे. हे अंतर सुमारे २५ मीटर भरते. वाचता आले नाही तर त्याच दिवशी वाद न घालता नेत्रतपासणीचा मार्ग दाखवावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयांत विनामूल्य होते, आणि तिच्यानंतर अनेकांची चालविण्याची वर्षे वाढतात. चावी घेण्याआधी डोळा परत मिळतो का, हे पाहिले तर म्हातारा माणूस आपले ऐकतो, असा अनुभव येईल. औषधांचीही विचारपूस करावी. सर्दीच्या गोळ्यांनी गुंगी येते. मधुमेहाच्या औषधानंतर न्याहारी लांबली तर साखर उतरून रानातच भोवळ येऊ शकते.

ट्रॅक्टरला चालकाच्या डोक्यावरून येणारी मजबूत संरक्षक चौकट असावी. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांस ती १९५९ सालीच सक्तीची केली आणि तेथे उलटून होणारे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. चौकट असेल तर पट्टा बांधावा. चौकट नसेल तर पट्टा बांधू नये, कारण मग उडी मारण्याची वाटही बंद होते.

पर्यायी चालकाचा शोध घरातच घ्यावा. घरातील सुनेने ट्रॅक्टर शिकावा, ही सूचना अजूनही काही ओट्यांवर हसून सोडली जाते. वस्तुतः शिकविण्यास सासऱ्याइतका जाणता गुरू तिला दुसरा मिळणार नाही, आणि बांधावर उभे राहून शिकविणाऱ्याचा मान चालविणाऱ्याहून कमी नसतो. घरात कोणीच नसेल तेथे गावातील अवजारे बँकेकडून भाड्याने काम करून घ्यावे. वर्षातून मोजके दिवस चालणाऱ्या ट्रॅक्टरचा हप्ता, डिझेल व दुरुस्ती यांचा जमाखर्च मांडला, तर भाडे पुष्कळदा स्वस्तच पडते.

एक आकडा मात्र प्रत्येक घराने लक्षात ठेवावा, तो म्हणजे ७५. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूबद्दल कुटुंबास २ लाख रुपये मिळतात, परंतु तिची वयोमर्यादा १० ते ७५ वर्षे आहे. त्यानंतर ट्रॅक्टरखाली सापडलेल्या शेतकऱ्याच्या घरी या योजनेचा आधार उरत नाही. त्याच वयापासून राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये राज्यातील प्रवास विनामूल्य होतो. ही सवलत २०२२ साली सुरू झाली. बाजाराचा दिवस, दवाखाना, लेकीचे गाव यांसाठी दुचाकी काढण्याची गरज त्यामुळे बरीच कमी होते, अर्थात गावात बस वेळेवर येत असेल तर.

ज्यांच्या परवान्याची मुदत येत्या वर्षभरात संपत आहे, त्यांनी नूतनीकरणाचा अर्ज मुदतीपूर्वीच करावा. मुदत संपून एक वर्षाहून अधिक काळ लोटल्यास पुन्हा चालविण्याची परीक्षा द्यावी लागते, आणि परवान्याविना वाहन चालविल्यास ५,००० रुपये दंड आहे. खळ्याची कामे आटोपली की, गर्दीचा हंगाम सुरू होण्याआधी, डोळ्यांची तपासणी करून घेऊन मगच वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी जावे.