विरार लोकल, उशिराचं जेवण आणि शतपावली

वसई-विरारमधल्या नोकरदाराला व्यायामाचं विचारलं, की उत्तर गाडीचंच येतं. विरार ते चर्चगेट 60 किलोमीटर. जलद लोकलनेही एका बाजूला सव्वा तासाच्या वर जातो, शिवाय रिक्षाची रांग वेगळी. घरी पोचेपर्यंत साडेआठ-नऊ, ताट वाढलं जातं दहाच्या सुमाराला, आणि हात धुतले की माणूस थेट अंथरुणावर. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. पण रक्तातल्या साखरेला वेळापत्रकातल्या अडचणी कळत नाहीत.

‘रोज दोन-अडीच तास उभ्याने प्रवास करतो, तेवढा व्यायाम पुरे’ ही डब्यातली आवडती समजूत. पाय दुखतात हे खरं, पण उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. लंडनमध्ये डॉ. जेरेमी मॉरिस यांनी बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. 1953 साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. कामाच्या ओघात होणारी हालचालही मोजली जाते, हे तिथून पुढे आलं. स्टेशनच्या पुलावर सरकत्या जिन्यासमोर ताटकळण्यापेक्षा शेजारच्या पायऱ्या चढाव्यात त्या यासाठी.

दुसरी समजूत अधिक घातक: ‘मी बारीक आहे, मला काय होतंय?’ पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटनमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचंच उदाहरण 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, हा आपल्याकडचा ओळखीचा बांधा. म्हणून वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची. कमरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत हवा.

मग दहा वाजता जेवणाऱ्याने करायचं काय?

उत्तर आपल्या आजी-आजोबांच्या दिनक्रमात होतं: जेवणानंतरची शतपावली. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने मधुमेह असलेल्या 41 जणांना एका टप्प्यात दिवसातून एकदा सलग 30 मिनिटं आणि दुसऱ्या टप्प्यात तिन्ही जेवणांनंतर 10-10 मिनिटं चालायला लावलं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जेवणानंतरच्या चालण्याने साखरेची चढण सरासरी 12 टक्क्यांनी कमी झाली. रात्रीच्या जेवणानंतर तर 22 टक्क्यांनी. कारण साधं आहे. चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि नेमकी तेव्हाच ती वाढत असते. शतपावली मात्र शंभर पावलांवर थांबू नये, दहा मिनिटं पुरी करावीत. नालासोपाऱ्यात पदपथ मोकळा मिळेलच असं नाही; इमारतीचं आवार, गच्ची, अगदी लांब व्हरांडाही चालतो.

जेवणाचंही तेच. भुकेने व्याकूळ होऊन दादरला वडापाव आणि घरी येऊन भाताचा डोंगर, ही जोडी मोडायला सहा वाजता कार्यालयातच मूठभर चणे-शेंगदाणे किंवा एखादं केळं खावं. ताटात भात थोडा, भाजी दुप्पट. वसईच्या वाड्यांतली ताजी भाजी भल्या पहाटे मुंबईच्या बाजारात जाते. ती आपल्या दाराशी पिकत असताना आपण खाऊ नये, याची खंत वाटते. मिठाबाबत जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहूनही कमी. त्यात लोणचं, पापड, सुकी मासळी सगळं आलं.

2011 पासून इथे महापौर मॅरेथॉन भरते, रस्ते धावणाऱ्यांनी फुलतात. त्याचं कौतुक आहेच. पण चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 जणांवर तीन वर्षं केलेला अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यात कुणाला 42 किलोमीटर पळवलं नव्हतं. नियमित चालणं आणि आहारातला बदल एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं, गोळीने 26.4 टक्क्यांनी. ज्यांना मधुमेह झालाच आहे, त्यांनी अर्थात डॉक्टरांना न विचारता औषध सोडू नये.

आपण त्या उंबरठ्यावर आहोत का, हे आरशात दिसत नाही. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशी ओलांडलेल्यांच्या रक्तदाब आणि साखर तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी चाचणी 5.7 ते 6.4 दाखवत असेल, तर शतपावली त्याच रात्रीपासून सुरू करायला हवी.